नसलेल्या पाईपचा नमुना

लग्न होऊन मी महाडहून पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत आले, तेव्हा वाडीत नळ होते आणि पाणी नव्हतं. नळ चांगले होते. सिमेंटचे कट्टे, त्यांवर पितळेच्या तोट्या, भोवती पाणी वाहून जायला छोटी गटारं. माहेरी नळ असल्यामुळे मला ते पाहून हायसं वाटलं. पहिल्याच सकाळी मी कळशी घेऊन त्या कट्ट्यावर गेले आणि तोटी फिरवली. मागं बायका हंडे घेऊन उताराकडे निघाल्या होत्या, त्या थांबल्या. माझी थोरली चुलत जाऊ त्यांच्यात होती. ती म्हणाली, "फिरव गो. आलं तर आमाला पन हाक मार."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि कळशी उचलून त्यांच्या मागून विहिरीकडे उतरायला लागले. या जावेला मी आक्का म्हणायची.

पाण्याची योजना अशी होती. वाडीच्या वर, पलीकडच्या डोंगराच्या कुशीत एक झरा आहे. तो उन्हाळ्यातही आटत नाही. त्याचं पाणी एका हौदात अडवायचं, तिथून पाईपनं वाडीच्या डोक्यावरच्या टाकीत आणायचं आणि टाकीतून नळांना सोडायचं. पाणी उतारानंच येणार, मोटारीची गरज नाही. हौद बांधलेला होता. टाकीही होती. उद्घाटनाला नारळ फुटला होता, पेढे वाटले होते. फक्त टाकीत पाणी कधी आलं नव्हतं. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं होतं, "पाईप चोक झालाय. माणूस पाठवतो." माणूस काही येत नव्हता. कट्ट्यांवर आम्ही मिरच्या वाळत घालायचो, दुपारी शेळ्या त्यांच्या कोपऱ्यांना अंग घासायच्या. माघ संपला की खालच्या विहिरीचा तळ दिसायचा, मग वाटीनं पाणी भरावं लागायचं.

वाडीत पुरुष कमी. बहुतेक मुंबईला. माझे यजमान एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होते, आक्काचा मुलगा कुरिअरमध्ये. आक्काचे यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी वारले होते. ती एकटीच राहायची, पण एकटी कधी दिसायची नाही. तिच्या ओटीवर कायम कुणीतरी बसलेलं असायचं. तिला तीन गोष्टींचा शौक होता: जीपमध्ये पुढच्या सीटवर बसणं, पोलादपूरच्या बाजारातली बटाटाभजी, आणि वाद घालणं. वाद घालताना ती कधी चिडायची नाही. समोरचा चिडला की तिला अधिकच हुरूप यायचा.

पोलादपूर ते वाडीपर्यंत एक जीप चालायची. तिचे मालक आणि ड्रायव्हर एकच, महाडचे एक मुसलमान गृहस्थ. आम्ही सगळ्या त्यांना चाचा म्हणायचो. तरुणपणी त्यांनी सौदीत मोठे ट्रक चालवले होते. परत येऊन जीप घेतली आणि आमच्या घाटवाटेवर तिची हाडं खिळखिळी करून घेतली. त्या सुमारास माहितीच्या अधिकाराचा कायदा नवा नवा आला होता. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. पण एका दिवाळीच्या आधी आमच्या रस्त्याचे खड्डे अचानक भरले गेले, आणि जीपमध्ये बसल्यावर आक्का म्हणाली, "चाचा, रस्त्यावर आज पोटातलं पानी हालत नाय. मंत्री येनार हाय काय?"

"मंत्री नाय. मी अर्ज टाकला," चाचा म्हणाले. "ह्या रस्त्याच्या दुरुस्तीचं काय झालं, काम दाखवा, म्हणून इचारलं. अर्ज गेला नि महिन्याभरात डांबराचा ट्रक आला. माझ्या गाडीच्या स्प्रिंगांचे पाटे वाचले."

"नुसतं इचारल्यावर?"

"नुसतं इचारल्यावर. कायदाच हाय तसा." त्यांनी डॅशबोर्डच्या खणातून एक पातळ मराठी पुस्तिका काढून माझ्या हातात दिली, कारण मी बारावी झालेली होते हे त्यांना ठाऊक होतं. मग गिअर बदलत म्हणाले, "पोरी, मी जिथं गाडी चालवली तिथं सरकारला काय इचारायची सोय नव्हती. मान खाली घालून चालवायची. हितं सोय हाय, नि आपण नळावर मिरच्या वाळवतो."

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी आक्काच्या ओटीवर पुस्तिका वाचून दाखवली. तिनं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपली. पण दोन ठिकाणी तिनं "परत वाच" म्हटलं. एक, ज्याला लिहिता येत नाही त्यानं तोंडी सांगावं आणि अधिकाऱ्यानं ते लिहून घ्यायला मदत करावी. दुसरं, नुसते कागदच मागता येतात असं नाही, सरकारी कामाची जागेवर पाहणी करता येते आणि त्यात वापरलेल्या सामानाचा नमुनाही घेता येतो. पिवळं रेशनकार्ड असलेल्याला अर्जाची फी नाही, हेही त्यात होतं. आक्काचं कार्ड पिवळं होतं.

"उद्या जाऊ," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मी रात्रीच अर्ज लिहून ठेवते."

"तू कशाला? कायद्यात लिवलंय ना त्येनं लिवायचं? मंग त्येलाच लिवूदे. तुज्या अक्षराला कोन इचारतो गो. त्येच्या सोताच्या अक्षराला तो नाय बोलनार नाय."

दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आम्ही दोघी उभ्या राहिलो. तिथले कारकून, भाऊसाहेब, चष्मा पुसत होते. स्वभावानं बरे होते, फक्त दिवसभर लोकांना "नंतर या" सांगून थकलेले. आक्का न विचारता समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "माहितीचा अर्ज हाय. मी सांगते, तू लिव."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तिका उघडून ते पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते वाचलं, उलटून मागचंही वाचलं, आणि खणातून कोरा कागद काढला. त्यांनाही हे नवीनच होतं.

आक्कानं सांगायला सुरुवात केली. झरा कुठं आहे, तिथं पूर्वी वाघ पाणी प्यायला यायचा, नारळ फोडायला कोण आलं होतं, पेढे कसे शिळे होते. भाऊसाहेब लिहीत राहिले. शेवटी त्यांनी वाचून दाखवलं, "उपरोक्त विषयास अनुसरून सदर योजनेबाबत माहिती मिळणेस विनंती आहे की..."

"ह्ये कोन बोललं?" आक्कानं विचारलं.

"तुम्हीच. मी नीट भाषेत मांडलं."

"मी ह्ये बोललेच नाय. मला ह्यातलं कायच समजत नाय. मी बोलले, माज्या नळाला पानी का येत नाय ते सांगा. तेवडं लिव."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि समजावलं की कायद्यात 'का' याला उत्तर देणं बसत नाही. जे आहे ते दाखवता येतं, कारण सांगायला आम्ही बांधील नाही. मी पुस्तिका चाळली, त्यांचं म्हणणं खरं होतं. माझा चेहरा पडला. आक्काचा नाही. ती क्षणभर विचार करून म्हणाली, "बरं. का नको. दाखव. योजना केली ना तुमी? ती मला दाखवा. झऱ्यापासून माज्या नळापातूर."

ते मात्र कायद्यात बसत होतं. भाऊसाहेबांनी नवा कागद घेतला आणि अगदी तिच्या शब्दांत लिहिलं, 'झऱ्यापासून माझ्या नळापर्यंत योजना दाखवावी, लागल्यास नमुना द्यावा.' खाली तिनं अंगठा उठवला. मग पोच घेतली आणि आम्ही भजी खायला गेलो.

कायद्यातली तीस दिवसांची मुदत सरायच्या आत टपाल आलं. अमुक दिवशी ऑफिसात येऊन पाहणी करावी. वाडीत त्या पत्राचं मोठं कौतुक झालं. आक्काच्या नावानं सरकारी टपाल म्हणजे काय, पोस्टमनला चहा मिळाला, लाडूही मिळाला. त्या दिवशी आम्ही चार-पाच जणी गेलो. भाऊसाहेबांनी टेबलावर एक जाडजूड फाईल ठेवली आणि म्हणाले, "ही घ्या तुमची योजना. सावकाश बघा."

आक्कानं फाईल हातात उचलून वजन पाहिलं. "ही तर सपाट हाय रे बाबा. आमची डोंगरात हाय."

आतल्या खोलीत कुणीतरी हसलं. एक तरुण बाहेर आला. नुकताच बदलून आलेला इंजिनिअर होता, सोलापूरकडचा, अजून कोकणातल्या दमटपणाला न सरावलेला. त्यानं अर्ज मागून वाचला. "झऱ्यापासून नळापर्यंत," तो स्वतःशीच म्हणाला. मग आमच्याकडे वळला. "खरं सांगू का आजी, मीसुद्धा ती योजना अजून बघितलेली नाही. बुधवारी येतो. बरोबरच बघू."

"आजी नको बोलू," आक्का म्हणाली. "पन ये."

बुधवारी वाडीत सणासारखी गडबड होती. पौषातलं ऊन, कारवीची पानं धुळीनं माखलेली, हवा मात्र गार. जीप आली तशी सगळ्या बायका ओट्यांवरून उठल्या. चाचांनी त्या दिवशीच्या पुढच्या खेपा बंद ठेवल्या होत्या. "असला सिनेमा परत बघायला मिळणार नाय," असं ते म्हणाले. इंजिनिअरनं पाठीवरच्या पिशवीत टेप आणि नकाशा आणला होता. आम्ही टिकाव, फावडी आणि पहार घेतली होती. मिरवणूक निघावी तसे आम्ही झऱ्याकडे चढायला लागलो.

झऱ्यावर हौद तुडुंब भरलेला होता आणि पाणी कडेवरून खालच्या ओहोळात सांडत होतं. इंजिनिअर ओंजळीनं पोटभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "आमच्याकडे असं पाणी असतं तर लोकांनी देऊळ बांधलं असतं."

तो कामात मात्र पक्का होता. नकाशावर बोट ठेवून तो चालायचा, थांबायचा, म्हणायचा, "इथं खणा." पहिल्या ठिकाणी आम्ही खणलं, पाईप लागला. त्यानं वाकून तो ठोकून पाहिला, समाधानानं मान हलवली. पुढं पुन्हा खणलं, पुन्हा पाईप. बायकांना मजा वाटू लागली. कुणी म्हणालं बटाटे काढतोय असं वाटतंय. मग डोंगराला वळसा घालून वाट करवंदीच्या जाळीमागं जाते, तिथं तो थांबला. आम्ही खणलं. नुसती माती. त्यानं दोन हात बाजूला खणायला सांगितलं. माती. खाली आणखी खोल. कातळ लागला, अखंड. तो आता स्वतः फावडं घेऊन खणायला लागला, शर्ट घामानं भिजला. तिथून टाकीपर्यंत आम्ही बऱ्याच ठिकाणी खणलं. कुठंच काही नव्हतं.

पाईप चोक झालेला नव्हता. वळणाच्या पुढं तो घातलाच नव्हता. ठेकेदारानं दिसेल तिथंवर काम केलं होतं आणि जाळीमागं, जिथं कुणी बघायला जाणार नाही, तिथून हात झटकले होते.

एवढी वर्षं आपण कशाची वाट बघत होतो, असं प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होतं. मला तर रडूच येणार होतं. तेवढ्यात आक्का खड्ड्यात वाकून बघत म्हणाली, "पाईप पन आपल्यातलाच निगाला गो. वयात आला नि मुंबयला गेला."

आधी एक जण हसली, मग दुसरी, मग आवरेना. चाचा जाळीला टेकून डोळे पुसत होते. इंजिनिअर बिचारा आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होता, शेवटी फावड्यावर रेलून तोही हसला. त्या हसण्यातच राग कुठं गेला ते कळलं नाही. आज इतक्या वर्षांनी त्या दिवसाची आठवण आली की मला पहिल्यांदा ते हसणंच ऐकू येतं.

मग आक्कानं कमरेचा पदर सोडून त्यात बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. "आता नमुना," ती म्हणाली.

"कशाचा?" इंजिनिअरनं विचारलं.

"ह्या पाईपाचा. जो नाय त्येचा. अर्जात लिवलंय तुमच्याच मानसानं, लागल्यास नमुना द्यावा. मला लागलाय."

"पण जे नाहीच त्याचा नमुना कसा देणार?"

"जागा तर हाय ना? जागेतली माती दे."

त्यानं पिशवी घेतली. मग खड्ड्यातली ओंजळभर माती पिशवीत भरली, तोंड सुतळीनं बांधलं, वहीतला कागद फाडून त्यावर लिहिलं आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, 'नळयोजनेतील पाईप नसलेल्या जागेची माती. समक्ष घेतली.' खाली सही केली. बाजूला आक्कानं खड्ड्यातल्या ओल्या मातीत अंगठा बुडवून कागदावर उठवला, कारण शाई कुणाकडेच नव्हती.

दुपारी आक्काच्या ओटीवर पंगत बसली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. इंजिनिअर भाकरी तोडत म्हणाला, "मी आज जे पाहिलं तसंच लिहिणार. मला नोकरीत येऊन फार दिवस झाले नाहीत, त्यामुळे पुढं काय होईल ते मला सांगता येणार नाही."

"तू लिव," आक्का म्हणाली. "पुडचं आमी इचारत ऱ्हाऊ." आणि तिनं त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

त्यानं लिहिलं. वर काय काय झालं ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. ठेकेदार म्हणे आधी म्हणाला की पाईप चोरीला गेला. मग कुणीतरी त्याला विचारलं की चोरांनी कातळही परत बसवला काय. भाऊसाहेबांनी नंतर हे आम्हाला रंगवून सांगितलं, आणि सांगताना त्यांचा थकवा कुठल्या कुठं गेला होता. मध्ये काही आठवडे काहीच घडलं नाही, तेव्हा आक्का आणि मी पुन्हा दोनदा ऑफिसात जाऊन बसलो. आणि एका सकाळी टेम्पो घाट चढून आला. त्यावर पाईप होते.

काम सुरू झालं तेव्हा वाडीतलं कुणी घरात थांबेना. मजूर खणायचे, आम्ही वर उभ्या राहून पाहायचो. प्रत्येक पाईप मातीआड जायच्या आधी कुणी ना कुणी त्याला हात लावून बघायची. मुकादम वैतागून म्हणाला, "मावशी, हाय तो, हाय." आक्का म्हणाली, "हाय तर हाय. हात लावल्यानं झिजत नाय."

पाणी सोडलं तो दिवस शिमग्याच्या आदल्या आठवड्यातला. टाकीत पाणी पडल्याचा आवाज वरून आला, घुमल्यासारखा. आम्ही सगळ्या कट्ट्याभोवती उभ्या होतो. आधी तोटीतून नुसता वारा आला, फुसफुसत. मग एक गंजकट पिचकारी. मग एक छोटा बेडूक पडला, क्षणभर आमच्याकडे बघून गटारात उडी मारून गेला. आणि मग पाणी आलं. लालसर, मग गढूळ, मग स्वच्छ. कळशी कुणीच पुढं करेना. सगळ्या नुसत्या बघत होत्या. माझ्या सासूबाई एरवी फार कमी बोलायच्या. त्या पुढं झाल्या, पायातल्या वहाणा काढल्या आणि धारेखाली पाय धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ. कुणी त्यांना सरका म्हटलं नाही.

शिमग्याला मुंबईची मंडळी आली. पालखी घरोघरी फिरायची होती, त्याआधी अंघोळी. माझ्या यजमानांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी सवयीनं खांद्यावर टॉवेल टाकला आणि विहिरीच्या वाटेला लागले. मी म्हटलं, "कट्ट्यावर जा." त्यांना वाटलं चेष्टा करतेय. तोटी फिरवल्यावर ते तसेच उभे राहिले, मग सदऱ्यासकट खाली बसले. वाडीतले सगळे पुरुष त्या सकाळी कट्ट्यावर अंघोळ करत होते, लहान पोरांसारखे एकमेकांवर पाणी उडवत. दुपारी टाकी रिकामी झाली आणि आम्हाला सासवांची बोलणी बसली, पण ती आमच्या पुरुषांची करणी होती.

पाणी सकाळी आणि संध्याकाळी थोडा थोडा वेळ यायचं. टाकी एका कोपऱ्यातून झिरपायची, तिच्यासाठी आक्कानं पुढं आणखी एक अर्ज केला. नळावर पहिलं भांडणही लवकरच झालं, नंबरावरून. दोघी कळशा आपटून भांडत होत्या आणि आक्का कट्ट्यावर बसून तृप्त चेहऱ्यानं ऐकत होती. "नळावरचं भांडन," ती मला म्हणाली. "कदी वाटलं व्हतं का गो?"

मला मात्र सगळ्यात मोठा बदल दुपारी जाणवला. पाणी भरून झालेलं असायचं आणि हातात वेळ उरलेला असायचा. पहिले काही दिवस काय करावं तेच सुचेना. कुणी गोधडी शिवायला काढली, कुणी नुसतीच आडवी झाली. मग एक दिवस मी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांची गोष्ट काढली. माहेरी असताना आम्ही तिथं जायचो. आक्कानं सव कधी पाहिलं नव्हतं. बाजार, लग्न, दवाखाना आणि ऑफिस सोडून ती कुठं गेलीच नव्हती.

चैत्रातल्या एका दुपारी चाचांची जीप ठरवून आम्ही वाडीतल्या बायका सवला गेलो. कामाशिवाय. आक्का पुढच्या सीटवर. कुंडाच्या काठावर बसून साड्या गुडघ्यापर्यंत वर धरून आम्ही पाय सोडले, आणि चटका बसून ओरडत परत काढले, आणि परत सोडले. आक्कानं वाफ येणाऱ्या पाण्यात हात फिरवला आणि विचारलं, "ह्ये तापवून कोन सोडतं?"

"कोण नाय. आपोआप येतं," चाचा लांबून म्हणाले.

"अर्ज न करता?" ती म्हणाली, आणि बराच वेळ त्या पाण्याकडे संशयानं बघत राहिली.

परतताना महाडच्या बाजारात थांबलो. तिथं माहेरी माझ्या आईनं सगळ्यांना चहा केला. तिला आम्ही नळाची सगळी हकिकत सांगायला लागलो, पण प्रत्येकीला ती आपल्या तोंडून सांगायची होती, त्यामुळे कुणाचंच पुरं झालं नाही. उन्हं कलल्यावर जीप घाटाला लागली. मागं कुणीतरी शिमग्याचं गाणं सुरू केलं, महिना उलटून गेला होता तरी, आणि वाडी येईपर्यंत आम्ही गात राहिलो.